एमएस, मेंदूचा थकवा आणि दोन मिलिअँपचा करंट

माझ्या मोठ्या बहिणीला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. भेटेल तो तिला विचारतो, पाय कसे आहेत, चालता येतं ना, तोल जातो का. डोकं कसं आहे हे कोणीच विचारत नाही, आणि तिला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. बोलता बोलता रोजचा शब्द सापडत नाही, दोन माणसं एकदम बोलायला लागली की कोण काय म्हणतंय ते लागत नाही, आणि दुपारपर्यंत अशी थकते की झोप काढूनही तो थकवा जात नाही. डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं, असं ती म्हणते. मागच्या महिन्यात तिने मला एक व्हिडिओ पाठवला. एका बाईच्या डोक्याला पट्टा बांधलेला, पट्ट्याला वायरी, आणि खाली लिहिलेलं की मेंदूला करंट देऊन एमएसचा थकवा पळाला. सोबत ताईची एकच ओळ, "हे खरं आहे का रे, जरा बघून सांग."

मी डॉक्टर नाही. पण बघितलं, जमेल तेवढं वाचलं, आणि उत्तर काही हो किंवा नाही असं एका शब्दात मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ताईसारखे अजून खूप जण असणार, जगभरात एमएस असलेली माणसं २८ लाखांच्या वर आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार २० ते ४० या वयात, ऐन कामाच्या दिवसांत गाठतो. बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त.

आधी आजार काय करतो ते

वायरवर प्लास्टिकचं कव्हर असतं ना, तसं आपल्या नसांच्या धाग्यांवर एक चरबीचं वेष्टण असतं, त्याला मायलिन म्हणतात. त्याच्यामुळे निरोप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुसाट पोचतो. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या वेष्टणावर हल्ला करते, आणि तोही फक्त मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमध्ये. जिथे हल्ला होतो तिथे चट्टे पडतात. स्क्लेरोसिस म्हणजे कडक झालेला चट्टा आणि मल्टिपल म्हणजे अनेक, नावाचा अर्थ एवढाच. १८६८ मध्ये पॅरिसमध्ये शार्को नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं आणि रुग्णांची स्मरणशक्ती मंदावते हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. म्हणजे डोक्याचा त्रास हा काही आत्ता लागलेला शोध नाही, फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायला फार उशीर झाला.

कव्हर उडालेल्या वायरमधून निरोप जातो, पण हळू जातो, मध्येच गळतो, कधी पोचतच नाही. मग मेंदू आडवाटा शोधतो. मोठा रस्ता बंद असला की आपण गल्लीबोळातून जातो तसं. पोचतो, पण वेळ जास्त लागतो आणि दमछाक होते. एमएसमधला मेंदूचा थकवा हा बऱ्याच अंशी असाच समजून घेता येतो, जे काम दुसऱ्याचा मेंदू सहज करतो त्याच कामाला यांच्या मेंदूला जास्त भाग कामाला लावावे लागतात.

यातून जे होतं ते साधारण तीन प्रकारचं असतं. एक म्हणजे विचारांचा वेग कमी होणं, आणि त्याच्यासोबत लक्षात ठेवणं, एकाग्र राहणं अवघड होणं. हे एमएस असलेल्या निम्म्याच्या आसपास लोकांना होतं. बुद्धी कमी होत नाही हं, हे मला ठासून सांगायचंय, ताई आजही माझ्यापेक्षा चांगलं बुद्धिबळ खेळते, फक्त घड्याळ लावून खेळायचं नाही. दुसरा थकवा, हा तर बहुतेक सगळ्यांनाच. आणि तिसरं डिप्रेशन, साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी येतं. आजार झाला म्हणून वाईट वाटणारच असं लोक म्हणतात, ते खरंही आहे, पण तेवढंच नाही. मेंदूतली सूज आणि चट्टे स्वतःसुद्धा मूडवर परिणाम करतात. त्यामुळे "पॉझिटिव्ह विचार कर" हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका.

आता एवढं सगळं आहे तर औषध घेऊन मोकळं व्हावं ना? डिप्रेशनवर औषधं आहेत, समुपदेशनाचा उपयोग होतो. पण थकव्याचं तसं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा निकाल आला, थकव्यासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं देत आलेली तीन औषधं, अमॅन्टाडिन, मोडॅफिनिल आणि मिथाइलफेनिडेट, १४१ रुग्णांना आलटून पालटून दिली, आणि त्यातलं एकही खोट्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून लोक दुसरीकडे बघायला लागले, आणि त्या दुसरीकडे जे दिसलं ते म्हणजे हा करंट.

करंट देतात म्हणजे नक्की काय करतात

पूर्ण नाव ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. ट्रान्सक्रेनियल म्हणजे कवटीच्या आरपार, डायरेक्ट करंट म्हणजे बॅटरीतून येतो तसा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, आणि स्टिम्युलेशन म्हणजे चालना. याला टीडीसीएस म्हणतात आणि पुढे मी तेच म्हणणार आहे.

मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठरावीक जागी बसवतात, त्यातून साधारण १ ते २ मिलिअँपचा (मिलिअँप म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) करंट २० ते ३० मिनिटं सोडतात. सुरुवातीला मुंग्या येतात, थोडी खाज येते, मग बऱ्याच जणांना काही जाणवतही नाही. माणूस जागा असतो, बोलत असतो, खुर्चीत बसून काम करत असतो. थकवा, मूड आणि लक्ष यांच्यासाठी बहुतेक वेळा एक स्पंज डाव्या कपाळाच्या वरच्या भागावर येतो, कारण त्याच्या मागचा मेंदूचा भाग नियोजन, लक्ष आणि भावनांना आवर घालणं या सगळ्यात असतो.

आता हा करंट आत जाऊन करतो काय? इथेच बहुतेक व्हिडिओ चुकीचं सांगतात. ते म्हणतात मेंदूच्या पेशी "चालू" होतात. तसं होत नाही. मेंदूची पेशी शांत असते तेव्हा तिच्या आत बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात, आणि ते उणे ५५ च्या आसपास वर चढलं की पेशी निरोप सोडते. म्हणजे पंधराएक मिलिव्होल्टची चढण. टीडीसीएसने त्यात फरक पडतो तो एक मिलिव्होल्टपेक्षाही कमी. पेशी आपण होऊन पेटत नाही, फक्त थोडी तयारीत राहते, नाहीतरी येणार असलेल्या निरोपाला जरा लवकर दाद देते.

मला यासाठी पेरणीची उपमा पटते. जमीन ओलवून ठेवली की बी लवकर रुजतं. पण बीच टाकलं नाही तर नुसत्या ओल्या मातीतून काही उगवत नाही. टीडीसीएस म्हणजे जमीन ओलवणं, बी म्हणजे त्या वेळेत मेंदूकडून करून घेतलेलं काम, लक्ष देण्याचा सराव, आठवण्याचा सराव, जे असेल ते. म्हणूनच एमएसमधल्या बऱ्याच अभ्यासांत करंट चालू असताना माणसाला कॉम्प्युटरवर मेंदूचे खेळ खेळायला लावतात. नुसता पट्टा बांधून झोपून राहायचं असं ते नसतं. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

एका वेळचा परिणाम टिकतो थोडाच वेळ. जर्मनीत ग्यॉटिंगनमध्ये निट्शे आणि पाउलुस या दोघांनी २००० साली दाखवलं की काही मिनिटं करंट दिला की हालचाल करवणाऱ्या भागाची तत्परता सुमारे ४० टक्क्यांपर्यंत बदलते आणि करंट बंद केल्यावरही काही वेळ तशीच राहते. या एका पेपरनंतर हे सगळं क्षेत्र नव्याने उभं राहिलं. आता रोज रोज दिलं तर परिणाम साठत जाईल का, हा पुढचा प्रश्न होता, म्हणून आज १०, २०, ३० अशी सेशन्स देतात.

म्हणजे शॉक ट्रीटमेंटच की

नाही. आणि आईबाबांना हे समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शॉक ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे ईसीटीमध्ये, भूल देऊन मुद्दाम फिट आणतात आणि त्यासाठी साधारण ८०० मिलिअँपचा करंट वापरतात. टीडीसीएसचा २. म्हणजे ४०० पट फरक. शिवाय ईसीटी हा तीव्र डिप्रेशनवर चांगला उपयोगी पडणारा उपचार आहे, त्याचं नाव काढलं की लोक घाबरतात हेही बरोबर नाही, पण तो वेगळा आणि हा वेगळा.

चुंबकाने देतात तो अजून तिसरा, त्याला टीएमएस म्हणतात. त्यात डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय झटके देतात आणि त्याने पेशी खरंच निरोप सोडतात, नुसत्या तयारीत राहत नाहीत. डिप्रेशनसाठी त्याला अमेरिकेत २००८ पासून परवानगी आहे. पण मशीन मोठं आहे, रोज दवाखान्यात जावं लागतं, आणि ज्याला चालायलाच त्रास होतो त्याला रोज जा-ये करायला सांगणं म्हणजे थकव्यावर उपाय म्हणून अजून थकवा. टीडीसीएसची पेटी हातात मावते, हे त्याचं मोठं बळ.

बरं, मग उपयोग होतो का

होतो असं दिसतंय, काही जणांना, काही बाबतीत. एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. आता जरा आकड्यांत शिरू.

थकव्याबद्दल सगळ्यात जास्त आशा आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ली शार्वेट यांच्या टीमने २०१८ मध्ये दाखवलं की २ मिलिअँपची २० सेशन्स मिळालेल्या लोकांचा थकवा खोटा करंट (नुसता दिल्यासारखा केलेला, कसा ते पुढे सांगतो) मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाला. ऐकायला छान आहे. पण किती माणसं होती? २७. एका वर्गातली मुलं पण त्याहून जास्त असतात. त्यात दोन-चार जणांना तो महिना बरा गेला असेल तर निकाल हलतो. म्हणून अशा अभ्यासाला मी आशा म्हणतो, पुरावा म्हणताना थांबतो.

विचारांच्या वेगाचं बघा. इटलीत २०१६ मध्ये २० रुग्णांवर एक अभ्यास झाला, सगळ्यांनी लक्ष देण्याचा सराव १० दिवस केला, निम्म्यांना त्या वेळेत खरा करंट आणि निम्म्यांना खोटा. खरा मिळालेले जास्त सुधारले आणि सहा महिन्यांनी बघितलं तेव्हाही फरक होता. मग न्यूयॉर्कच्याच टीमने घरी बसून सराव अधिक करंट असं २५ जणांना दिलं आणि २० जणांना नुसता सराव. करंटवाल्यांचं अवघड कामातलं लक्ष सुधारलं, पण साध्या लक्षात काही फरक नाही आणि नेहमीच्या स्मरण-वेगाच्या टेस्टमध्येही नाही. शिवाय तिथे दुसऱ्या गटाला खोटा करंट दिलेला नव्हता, त्यामुळे "मला पट्टा मिळालाय" या नुसत्या भावनेचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

डिप्रेशनबद्दल मोठे अभ्यास आहेत, पण ते एमएस नसलेल्या लोकांवरचे, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी भांडतात. २०२३ मध्ये जर्मनीतल्या आठ हॉस्पिटल्समधल्या १६० रुग्णांवर, औषधासोबत टीडीसीएस देऊन बघितलं, खोट्या करंटपेक्षा जास्त फायदा नाही. आणि २०२४ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत १७४ जणांनी दहा आठवडे घरी वापरलं, त्यात स्पष्ट फायदा. दोन्ही अभ्यास चांगले, दोन्ही नावाजलेल्या जर्नलमध्ये छापलेले. कोणी तुम्हाला त्यातला एकच दाखवून "सिद्ध झालंय" किंवा "थोतांड आहे" म्हणत असेल तर दुसऱ्याबद्दल नक्की विचारा.

खोटा करंट कसा देतात

हे मला खूप इंटरेस्टिंग वाटलं म्हणून सांगतो. पट्टा तोच, स्पंज तेच, मशीन सुरू करतात, अर्धा मिनिटभर करंट सोडतात म्हणजे मुंग्या येतात, आणि मग गुपचूप बंद करतात. खऱ्या करंटमध्येही मुंग्या थोड्या वेळाने कमीच होतात, त्यामुळे बऱ्याच जणांना कळत नाही आपल्याला कुठला मिळाला.

आणि गंमत अशी की खोटा करंट मिळालेल्यांनाही बरं वाटतं, कधी कधी बरंच. याचा अर्थ त्यांचा त्रास खोटा होता असा अजिबात नाही, हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे. रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी व्हिडिओ कॉलवर तुमची चौकशी करतं, तुम्ही रोज अर्धा तास मेंदूचा सराव करता, दिवसाला एक शिस्त येते, काहीतरी करतोय ही उमेद असते. या सगळ्याने माणूस सुधारतोच. प्रश्न फक्त इतकाच की त्याच्या वर करंटचा स्वतःचा वाटा किती.

एवढा कमी करंट आत पोचतो तरी का

शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञही यावर वाद घालतात. डोक्यावर दिलेल्या करंटपैकी निम्म्याहून बराच जास्त भाग त्वचेतून आणि कवटीतूनच निघून जातो, मेंदूत पोचतो तो उरलेला. आणि प्रत्येकाची कवटी वेगळी, कोणाची जाड कोणाची पातळ, एमएसमध्ये तर मेंदू थोडा आक्रसलेला असू शकतो, चट्टे प्रत्येकाचे वेगळ्या जागी. म्हणजे तेच २ मिलिअँप दोन माणसांच्या मेंदूत वेगवेगळे पोचतात. एकाला फायदा झाला आणि दुसऱ्याला शून्य, असं का होतं याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. एमआरआय बघून प्रत्येकासाठी स्पंजची जागा आणि डोस ठरवायचा, या दिशेने आता काम चाललंय, आणि खरं सांगायचं तर याच कामाकडे माझे डोळे लागलेत.

मग घरच्या घरी बॅटरी जोडून

नको. प्लीज नको. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर हे यंत्र बनवता येतं हे खरंय, इंटरनेटवर सर्किटं पण मिळतात, आणि लोक करतात. इतके करायला लागले की २०१६ मध्ये या विषयातल्या ३९ संशोधकांनी मिळून घरी प्रयोग करणाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं. त्यात त्यांनी नुसतं घाबरवलं नाही, कारणं दिली: करंट फक्त स्पंजखालीच राहत नाही, मधल्या बऱ्याच भागांतून जातो, एक क्षमता वाढताना दुसरी कमी होऊ शकते, स्पंज दोन बोटं सरकला की परिणाम बदलतो, आणि जास्त वेळ दिला म्हणजे जास्त फायदा असं नसतं, कधी उलटंच होतं. स्पंज सुकला तर कातडी भाजते ते वेगळंच.

नियमात राहून दिलं तर टीडीसीएस सुरक्षित आहे, त्याबद्दल मात्र बराच भरवसा आहे. २०१६ पर्यंतच्या ३३,००० हून जास्त सेशन्सचा आढावा घेतला तेव्हा गंभीर इजा झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. त्वचा लाल होणं, खाज, डोकेदुखी हे होतं. पण ज्याच्या डोक्यात धातूची क्लिप किंवा इम्प्लांट आहे, ज्याला फिट येतात, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळही जाऊ नये, आणि एमएसमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त असतं म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

घरी करायचंच असेल तर करण्याची एक नीट पद्धत आहे, न्यूयॉर्कच्या टीमने ती बसवली. पेटी घरी असते, पण ती उघडायला दर वेळी कोड लागतो. व्हिडिओ कॉलवर टेक्निशियन बघतो पट्टा बरोबर बसलाय का, संपर्क नीट आहे का, मग कोड देतो, आणि एका कोडवर एकच सेशन होतं. उत्साहाच्या भरात दिवसातून चार वेळा करायची सोयच नाही. घरी वापरणं आणि मनाने वापरणं यातला फरक तो हाच.

आजार थांबतो का याने

नाही. टीडीसीएसने नवीन चट्टे पडायचे थांबत नाहीत, गेलेलं मायलिन परत येत नाही. ते काम प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या औषधांचं, ती १९९३ पासून आहेत आणि आता पुष्कळ चांगली झाली आहेत. करंट मिळतोय म्हणून ती औषधं सोडली तर नुकसान होईल आणि झालेलं नुकसान बऱ्याचदा भरून येत नाही.

दुसरं, थकवा आहे म्हणून लगेच करंटकडे पळू नये. झोप नीट लागत नसेल, थायरॉईड बिघडलेलं असेल, रक्त कमी असेल, एखाद्या गोळीने गुंगी येत असेल, अंगात ताप असेल (एमएसमध्ये शरीर थोडं जरी तापलं तरी लक्षणं वाढतात), तर आधी ते बघायला हवं. व्यायामाने थकवा कमी होतो हे विचित्र वाटतं पण होतं, हळूहळू वाढवत नेला तर.

ताईला मी काय सांगितलं

सांगितलं की व्हिडिओतल्या बाईला बरं वाटलं असेल, ती खोटं बोलत नसेल, पण तिला बरं वाटलं म्हणून तुला वाटेलच असं नाही. कुठे रीतसर अभ्यास चालू असेल आणि त्यात तुला घेत असतील तर मी तुझ्यासोबत येईन, फॉर्म मी भरेन. विकत घेऊन स्वतः लावायचं मात्र नाही. आणि त्याआधी एक काम, तुझा मेंदू आत्ता कुठे आहे हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे, नाहीतर सुधारला की बिघडला हे कळणार कशावरून.

त्यासाठी एक साधी टेस्ट असते. कागदावर वर नऊ चिन्हं आणि त्यांना दिलेले १ ते ९ आकडे, खाली तीच चिन्हं उलटसुलट, आणि तुम्ही बघून बघून आकडे म्हणत जायचे. ९० सेकंद. किती बरोबर आले ते मोजायचं, झालं. विचारांचा वेग पकडायला एमएसमध्ये याच्याइतकी कामाची छोटी टेस्ट नाही, आणि वर्षातून एकदा केली तर घसरण वेळेत कळते.

ताई हे ऐकून थोडा वेळ गप्प बसली. एवढी वर्षं झाली, गुडघ्यावर हातोडी दर वेळी मारतात, ही टेस्ट एकदाही कोणी घेतली नव्हती. आता पुढच्या अपॉइंटमेंटसाठी तिने वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. करंटचा प्रश्न तिसरा आहे. पहिला आहे, "ती ९० सेकंदांची टेस्ट माझी कधी घेणार?"